बिनफटीचं गेट

राजरत्न तांबेचा राग आधी कानांत यायचा. पाळ्या लाल व्हायच्या, डोळे बारीक व्हायचे, आणि मग तो अतिशय हळू, अतिशय व्याकरणशुद्ध बोलायला लागायचा. ऑफिसात ही खूण सगळ्यांना पाठ होती. "सर शुद्ध बोलायला लागलेत," असा निरोप एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोचला की भलेभले इंजिनियर चहाला म्हणून जे निघायचे, ते संध्याकाळीच परतायचे.

तीसेक वर्षं त्यानं सॉफ्टवेअरचे सांगाडे उभे केले. बँकांचे, विमा कंपन्यांचे, परदेशातल्या कुठल्याशा विमानतळाचे. आपण एटीएमसमोर उभं राहून बटण दाबतो, तेव्हा आत खोल अंधारात पैसा ज्या वाटेनं चालत येतो, तसल्या वाटा आखणारा हा माणूस, कंपनीच्या भाषेत 'आर्किटेक्ट'. हाताखाली शंभरावर पोरं होती, आणि त्या सगळ्यांना त्यानं एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. "अपवाद म्हणजे फट. आज फट ठेवलीत, उद्या तिच्यातून हत्ती येईल."

पण करी रोडला, जुनी चाळ पाडून तिच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरात, ह्या सगळ्याची किंमत काय? "सुंदराबाईचा राजू. कंप्युटरमध्ये असतो." बस. कुणाचा प्रिंटर अडला की राजू, कुणाच्या नातवाचा गेम बंद पडला की राजू. तो आर्किटेक्ट आहे असं त्याच्या बायकोनं, दीपिकानं, एकदा भोळेपणानं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी चार बायका त्याला हाताला धरून बाथरूमची गळती दाखवायला घेऊन गेल्या. "आर्किटेक्ट ना तू? मग हा स्लॅब असा कसा रे गळतो?" त्या दिवशी कान लालच नाही, जांभळे झाले होते.

म्हणून निवृत्तीनंतरच्या जूनमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी बाबुराव दारात येऊन "राजू, गेटवर कोण येतं कोण जातं काय पत्ता नाय, तू कायतरी कर ना," म्हणाले, तेव्हा वरवर त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण आतून त्याच्या काळजात दिवा लागला. बाबुराव जुने गिरणी कामगार, त्याच्या वडिलांच्या, बुधाजींच्या, खात्यातले. आपल्या माणसांना एकदा, निदान एकदा, दाखवून द्यायचं की हा सुंदराबाईचा राजू आयुष्यभर करत काय होता!

"अरे, साधं तयार ॲप मिळतं की," दीपिका म्हणाली. ती दादरच्या शाळेत गणित शिकवते आणि कमी शब्दांत माणसाचा पाणउतारा करते. "शेजारच्या टॉवरनं घेतलंय."

"ती खेळणी आहेत," राजरत्न हळू आणि शुद्ध बोलला. दीपिका वह्या तपासायला निघून गेली.

मग त्यानं काम सुरू केलं ते आयुष्यभर केलं तसंच. आधी पाहणी. जून-जुलै तो गेटवर खुर्ची टाकून बसला आणि कोण कोण येतं ते टिपून घेतलं. शेजाऱ्यांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. कुणी म्हणालं कुत्रा ठेव. कुणी म्हणालं सासूला ठेव. अनुजा नावाची समोरच्या दारातली शेजारीण म्हणाली, "दादा, गेटला भोंगा लावा, गिरणीसारखा, येणाऱ्याची छाती दडपली पाहिजे." राजरत्ननं सगळं ऐकलं आणि एकही सल्ला घेतला नाही. तांत्रिक नेतृत्व ते हेच, असं त्याचं मत होतं.

हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर पडदा लावून त्यानं आराखडा समजावला. दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन अशा रोजच्या माणसांना कायमचा पास. बाकी जो येईल त्यानं सांगायचं, कोणाकडे. एक पाहुणा, एक घर. त्या घरातल्या भिंतीवरच्या पडद्यावर पाहुण्याचा चेहरा दिसेल. घरच्यांनी हिरवं दाबलं की गेट उघडेल. पाहुणा आत असेपर्यंत घरच्यानं बाहेर जायचं नाही. रहिवाशानं स्वतःचा मोबाईल दाखवला की वाट मोकळी. आणि एकाच माणसानं थोड्या वेळात तीन घरांची नावं घेतली, तर तो भुरटा. सिस्टीम त्याच्यावर आपोआप बंदी घालेल.

ह्या शेवटच्या कलमावर त्याचा फार जीव होता. ते सांगताना त्याचा आवाज कापरा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण कांदाभजी आली होती.

गेट सुरू झालं आणि पहिल्या आठवड्यातच वॉचमन राकेशनं त्याची वाट लावली. राकेशला सगळी इमारत तोंडपाठ. कुणाची मावशी आली, कुणाचा जावई आला, की हा आपला मास्टर बटण दाबून मोकळा. "साब, पहचान का आदमी है." राजरत्नचे कान लाल झाले. त्यानं राकेशचं मास्टर बटण काढून घेतलं. मग लोक राजरत्नलाच फोन करायला लागले. जेवताना, आंघोळ करताना, आणि एकदा तर वंदनेला सगळे डोळे मिटून बसलेले असताना. "राजू, माझा मेव्हणा गेटवर सुकतोय रे!" तेव्हा त्यानं तत्त्वाखातर स्वतःचंही मास्टर बटण काढून टाकलं. पाठीमागचा दरवाजा कुणालाच नाही. यापुढे नवा पास द्यायचा किंवा बंदी उठवायची, तर सेक्रेटरी आणि खजिनदार ह्या दोघांचे अंगठे एकाच वेळी गेटवरच्या यंत्रावर लागले पाहिजेत. बाबुरावांना हे फार आवडलं. आपल्या अंगठ्याला इतकं वजन येईल असं त्यांना गिरणीत कधी वाटलं नव्हतं.

दोन आठवडे फट पडली नाही. आणि मग नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, आणि माझगावहून शेवंती आली.

शेवंती कोळीण. चाळ होती तेव्हापासून येते. आधी तिची सासू यायची, मग ती. मासेमारीची बंदी असली की ती उरणला लेकीकडे जाऊन राहते, आणि दर्याला नारळ दिला की परत येते. चाळीत तिची हाक पहिल्या मजल्यावर पडायची आणि तिसऱ्या मजल्यावर तव्याखालचा गॅस पेटायचा. टॉवर झाला तरी ती रोज लिफ्टनं वर जाऊन एकेक मजला उतरत यायची. आणि जन्मापासून त्याच चाळीच्या कॉरिडॉरात वाढलेल्या, बोंबलाच्या कालवणावर मोठ्या झालेल्या राजरत्ननं गेटची पाहणी केली होती ऐन बंदीच्या दिवसांत! मुंबईत माशाचा मोसम विसरून माणसांची मोजदाद करणं हे परदेशातल्या इंजिनियरला एकवेळ माफ असेल.

"किसके पास जाना है, मौसी?" राकेशनं विचारलं. विचारताना त्याचीच मान खाली होती.

"कनाकडं म्हंजे? सगल्यांकडं."

"सगळ्यांकडे नहीं होता. एकच घर बोलना पडता है."

"आरं, मी काय सोयरीक घेऊन आयलंय का एका घरात? मावरं घेऊन आयलंय!"

राकेशनं बिचाऱ्यानं मदत करायची म्हणून तांबेंचं घर टाकलं. सुंदराबाई तेव्हा गच्चीत उन्हाला बसलेल्या, उत्तर आलं नाही. मग अनुजाचं टाकलं, ती कामावर. मग बाबुरावांचं टाकलं. तिसरं नाव पडताच यंत्र लालबुंद झालं आणि बायकी आवाजात, अतिशय शुद्ध मराठीत म्हणालं, "आपल्या प्रवेशावर बंदी घालण्यात आली आहे."

शेवंतीनं यंत्राला डोक्यावरच्या पाटीखालून न्याहाळलं. "ही कोन भवानी? हिला सांग, हिच्या सासूला मी उदारीवर पापलेट दिलेला हाय!"

ही बातमी वर पोचायच्या आत खाली गेटवर राजरत्नला बी विंगच्या किर्ती मॅडम भेटल्या. बी विंग म्हणजे बिल्डरनं विकलेले मोठे फ्लॅट. गेट मात्र दोन्ही विंगना एकच. मॅडमच्या कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं कुत्रं होतं.

"तांबे सर, काँग्रॅच्युलेशन्स! काय सिस्टीम बनवलीत! अहो, त्या फिशवाल्या बाईला थांबवायला आम्ही दोन वर्षं किती अर्ज केले. लिफ्टमध्ये काय तो वास! तुम्ही एका झटक्यात केलंत. इतक्या वर्षांचा अनुभव, दिसतोच ना."

आयुष्यभर राजरत्न ह्या वाक्याची वाट पाहत होता. इतक्या वर्षांचा अनुभव दिसतो, असं ह्या इमारतीतल्या कुणीतरी म्हणावं. आणि ते आलं ते कुठून, कशासाठी! बुधाजी तांबे ज्या चाळीत राहिले, तिथली पोरं शेजारच्या सोसायटीच्या नळाला हात लावायला गेली की "कोणाकडे?" असंच विचारून हाकलली जायची. तो "कोणाकडे?" राजरत्नला चांगला आठवत होता. आणि आता तोच त्यानं स्वतःच्या हातानं, काचेचा करून, गेटवर बसवला होता. कुत्रं त्याच्याकडे बघून जांभई देत होतं. त्याला वाटलं, ह्या कुत्र्याला पास आहे. आहेच. पहिल्या दिवशी आपणच दिला.

तो तडक बाबुरावांकडे गेला. "बंदी उठवायची आहे. अंगठा द्या."

"देतो की," बाबुराव म्हणाले. "पण धोंडूचा अंगठा गावाला गेलाय ना."

धोंडू धुरी म्हणजे खजिनदार. गणपतीच्या आधी घराला रंग द्यायला कोकणात गेलेला. त्याचा फोन लागायचा तो फक्त देवळामागच्या टेकडीवर चढला की. अखेर तिसऱ्या दिवशी लागला. "अरे राजू, अंगठो फोनातसून कसो लावू? गौरी गेल्यार येतंय मा!" आणि मागे कुणीतरी रंगाचा डबा सांडल्याचा आवाज आला.

"बाबुराव, तुमच्या एकट्याच्या अंगठ्यावर—"

"छे छे! अपवाद म्हणजे फट. तूच म्हणालास. मी तर घरी बायकोला पण तेच सांगतो आता."

घरी वेगळंच पेटलं होतं. सुंदराबाईंनी ताट उपडं घातलं होतं. वय ब्याऐंशी, अंगानं काडी, पण तोंडात अजून जात्यावरच्या साऱ्या ओव्या. त्यांना राग आला की त्या ओरडत नसत, गात. आणि ते ओरडण्यापेक्षा फार लागे. भिंतीवरच्या पडद्यासमोर उभ्या राहून त्या गेटच्या डोळ्याला ऐकवत होत्या:

*दार बांधिलं लेकानं, दाराला काचेचा डोळा*
*सखी उभी उन्हामंदी, तिच्या जिवाचा पाचोळा*

"आई, धोंडूकाका आला की होईल. तोवर मी बाजारातनं आणतो बोंबील."

"मी काय बोंबलासाठी बसलेय उपाशी?" सुंदराबाई म्हणाल्या. "तुझा बाप संपात घरी बसला तेव्हा शेवंतीच्या सासूनं वर्षभर ह्या चाळीला खायला घातलं. तिनं नाही विचारलं कुणाला, कोण, कोणाकडचा. जा तू. तुझं ते काचेचं कालवण करून खा."

राजरत्न बाजारात गेला. आता, शंभर इंजिनियर वाकवणं वेगळं आणि मासळी बाजारात ओट्यासमोर उभं राहणं वेगळं. तिथं त्याच्या कानांचा रंग कुणी बघितला नाही. त्यानं कल्ला उघडून पाहिला, पण कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं. विकणारीला माहीत होतं. वाकून बोंबील बघताना खिशातला मोबाईल बर्फाच्या पाण्यात गेला. बाहेर काढला तर त्याच्यात दोन सुरमया दिसल्यासारख्या झाल्या आणि मग काहीच दिसेना.

पिशवी ठिबकवत तो गेटवर आला. मेलेला मोबाईल यंत्राला दाखवला. यंत्र गप्प.

"राकेश, उघड."

"साब, मेरेको मालूम है आप कौन है," राकेश कळवळून म्हणाला. "पर इसको नहीं मालूम. मेरा बटन आपनेच निकाला ना."

"मी ह्या सिस्टीमचा निर्माता आहे!"

"हां साब. किसके पास जाना है?"

सर्व्हरचे लांबलचक आकडे झोपेत म्हणणाऱ्या राजरत्नला स्वतःच्या बायकोचा नंबर पाठ नव्हता. त्यानं दात आवळून स्वतःचं घर सांगितलं. पडद्यावर सुंदराबाईंचं कपाळ आलं, मग एक डोळा.

"शेवंती आहे का बरोबर?"

"आई, बंदी आहे तिच्यावर. तू हिरवं दाब."

वरून आवाज आला, गोड, संथ, जीवघेणा:

*कोण उभं ग दारात, नाव सांग, गाव सांग*
*ज्यानं केली ही चौकट, त्यालाच लागली रांग*

आणि लाल दाबलं गेलं.

त्यानं बाबुरावांचं घर सांगितलं. बाबुराव पडद्यावर हसले. "ये की! पण नियमानं तू माझा पाहुणा होणार, आणि पाहुणा आत असताना घरच्यानं बाहेर जायचं नाही, तुझंच कलम. मी तर आत्ता न्हाव्याकडे दाढीला निघालो." पडदा मिटला. मग रागाच्या भरात, आपण काय करतोय हे कळायच्या आत, राजरत्ननं अनुजाचं घर सांगितलं.

यंत्र लालबुंद झालं.

"आपल्या प्रवेशावर बंदी घालण्यात आली आहे," ते म्हणालं, हळू आणि व्याकरणशुद्ध. आणि राजरत्नच्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज बाईचा असला, तरी बोलणं त्याचंच होतं.

फुटपाथवरून खुदकन हसू आलं. वडाच्या सावलीत पाटी ठेवून शेवंती बसली होती. रोज येऊन बसायची म्हणे, ज्याला कळेल तो खाली येईल म्हणून.

"ये, बस. आता दोघं बी भुरटे." तिनं त्याच्या पिशवीत डोकावलं. "ह्यो काय आनलास रं?"

"बोंबील."

"कदी मेला व्हता? तुज्या लग्नात?"

राजरत्न बसला. कधी नव्हे तो, इस्त्रीच्या पँटीत, फुटपाथवर, कोळणीच्या शेजारी. रागावं कुणावर? आजवर त्याचा राग नेहमी दुसऱ्याच्या चुकीला शोधून काढी. आज तो सगळीकडे वास घेत हिंडला आणि परत येऊन मालकाच्याच पायाशी बसला.

तेवढ्यात बी विंगची गाडी थांबली. काच खाली आली. आधी कुत्रं, मग किर्ती मॅडम.

"तांबे सर! बरं झालं तुम्हीच बोलताय हिच्याशी. इथं फुटपाथवर पण नको ना बसायला. एंट्रन्सला किती ऑड दिसतं. ह्याच्यासाठी पण काहीतरी सिस्टीम करा."

राजरत्न उठला. कान लाल झाले. डोळे बारीक झाले. राकेशनं केबिनचं दार लावून घेतलं. राजरत्ननं हळू, शुद्ध बोलायला तोंड उघडलं, "महोदया, आपण ज्या—" आणि इथं इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं व्याकरण सुटलं. वर तोंड करून, छाती फोडून, ज्या हाकेनं त्याच्या लहानपणी तीन मजले दणाणायचे ती हाक त्यानं वीस मजल्यांवर फेकली:

"ए मावरंऽऽऽ! शेवंती आलीय! मावरं घ्याऽऽऽ! खाली या रे भाड्यांनो, खाली या!"

शेवंती क्षणभर थक्क झाली. मग तिनं तोंडाला पदर लावला, पुसला, आणि खऱ्या हाकेनं त्याच्या हाकेला वर उचललं.

खिडक्या उघडल्या. गॅलऱ्यांत डोकी आली. आणि लोक निघाले. ताटं, पातेली, कुकरची भांडी घेऊन. बाहेर पडायला परवानगी लागत नव्हती. एवढी एक फट आर्किटेक्टसाहेबांनी ठेवली होती. अनुजा कामावरून येता येता तिथंच थांबली. अर्ध्या गालाला साबण लावलेले बाबुराव आले. ए विंग ओतली गेली रस्त्यावर, आणि बी विंगमधलेही पाच-सहा जण आले, किर्ती मॅडमच्या नवऱ्यासकट. त्यानं कोलंबी घेतली, आणि तीही गाडीकडे न बघता.

सगळ्यांत शेवटी, भिंतीला हात टेकत, उपडं घातलेलं ताट सुलटं करून छातीशी धरलेल्या सुंदराबाई आल्या. दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"किती वालली गं," शेवंती म्हणाली.

"तू नव्हतीस," सुंदराबाई म्हणाल्या.

शेवंतीनं त्यांच्या ताटात बोंबील ठेवले, तळव्यावर थरथरणारे, काचेसारखे. मग सुंदराबाई तिचा हात धरून, पाटीसकट, गेटकडे वळल्या. मोबाईल त्यांच्याकडे कधीच नव्हता. घरात हिरवं दाबायला कुणी उरलं नव्हतं. राकेश बाहेर आला.

"दादी... किसके पास जाना है?"

ह्या जागेवर ब्याऐंशीतली साठ वर्षं काढलेली बाई यंत्राच्या काचेच्या डोळ्यात बघून म्हणाली, "सगळ्यांकडे."

यंत्र विचार करायला लागलं. गोल गोल फिरणारी ती खूण राजरत्ननं आयुष्यात लाखो वेळा पाहिली होती. ह्या वेळी त्यानं ती संपायची वाट पाहिली नाही. तो केबिनमागे गेला, आणि ज्यानं कधी कुठली सिस्टीम रीतसर नोटीस दिल्याशिवाय बंद केली नव्हती, त्यानं भिंतीतनं वायर उपटली. गेटचा दांडा सुस्कारा टाकून वर गेला.

"हे कोणाच्या परवानगीनं?" गाडीतून प्रश्न आला.

"तुमच्या कुत्र्याच्या," राजरत्न म्हणाला. "त्याच्याकडे पास आहे."

दुपारी तांबेंच्या स्वयंपाकघरात शेवंती भिंतीला टेकून चहा पीत होती. "एवडा शिकला, बनवला कशाला आन तोडला कशाला?" ती विचारत होती, आणि राजरत्नला पुन्हा राग येत होता, पण तोंडात बोंबील होता. शाळेतून आलेल्या दीपिकानं सगळं ऐकून घेतलं. "तयार ॲप घेतलं असतं तर एवढी हाक मारता आली नसती," एवढंच ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात अजून एक वाढला. पाट्यावर खोबरं वाटता वाटता सुंदराबाई गुणगुणत होत्या. आज स्वर मऊ होता.

*शिकला ग माझा लेक, शिकला डोंगराएवढा*
*खाली उतरून आला, तेव्हा दिसला केवढा*

गौरी गेल्यावर धोंडूचा अंगठा परत आला आणि गेट पुन्हा सुरू झालं. आता त्याच्या पडद्यावर सगळ्या घरांच्या वर, सगळ्यांत मोठं, हिरवंगार एक बटण आहे: सगळ्यांकडे. बी विंगनं ते काढून टाकायचा अर्ज दिलाय. राजरत्ननं तो हळू आणि शुद्ध भाषेत वाचून दाखवला आणि सांगितलं की अवश्य काढता येईल, फक्त नव्या नियमानं दोन नाही, तीन अंगठे लागतील. सेक्रेटरीचा, खजिनदाराचा, आणि तिसरा सुंदराबाई बुधाजी तांबे यांचा.

तो मागायला अजून कुणी वर आलेलं नाही.